जुन्या विद्यामंदिरांचा जीर्णोद्धार

जी गोष्ट कधी बदलावयाची नाही तिला आपण ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि नीरा-भीमेच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांस काळा दगड हा टिकाऊपणाचा आदर्श वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच दगडाने बांधलेल्या मोठमोठ्या इमारती शंभर-दीडशे वर्षांत थकलेल्या दिसतात. त्यांच्या भिंतींत पिंपळ उगवतो, आतून ओल येते, कोपरे ढळतात. दगड अभंग असता इमारत का खचते, आणि खचू लागलेल्या इमारतीचे बाह्यांग पुन्हा निरोगी कसे करावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल आम्ही पुण्याच्या व मुंबईच्या विद्यापीठांच्या ऐतिहासिक वास्तू निवडल्या आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांस पुढे-मागे त्यांच्या दारांतून आत जावयाचे आहे, म्हणून त्या वास्तूंची आगाऊ ओळख झालेली बरी.

१. तीन वास्तू

पुण्यास गणेशखिंडीत विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे, ती मुळात विद्येसाठी बांधलेलीच नव्हे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरास पावसाळ्यात पुण्यास राहता यावे, म्हणून सर बार्टल फ्रीअर याच्या कारकीर्दीत, इ. स. १८६४ मध्ये, तिचे काम सुरू झाले आणि इ. स. १८७१ मध्ये ते पुरे झाले. जेम्स ट्रबशॉ हा तिचा शिल्पज्ञ. त्या काळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला होता, पण इ. स. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, आणि या प्रासादाच्या खर्चाची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. इ. स. १८९७ च्या जून महिन्याच्या २२ तारखेस याच वाड्यातील समारंभाहून परत जात असता रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पुढे देश स्वतंत्र झाला, आणि इ. स. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना होऊन ही वास्तू त्याच्या स्वाधीन झाली. डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू होत. इ. स. २०१४ पासून विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

दुसरी वास्तू येरवड्याजवळील डेक्कन कॉलेजाची. इ. स. १८२१ मध्ये पुण्यात जी पाठशाळा निघाली, तिच्यातूनच या विद्यालयाचा उगम झाला. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्याने मिळालेल्या साहाय्यातून त्याची दगडी इमारत उभी राहिली व इ. स. १८६८ मध्ये तिचा वापर सुरू झाला.

तिसरी वास्तू मुंबई विद्यापीठाची. हे विद्यापीठ इ. स. १८५७ चे. त्याचे पदवीदान सभागृह इ. स. १८७४ मध्ये व ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा इ. स. १८७८ मध्ये पुरे झाले. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने ग्रंथालयासाठी दोन लक्ष व मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले. मनोऱ्यास त्याच्या आईचे नाव आहे. मनोऱ्याची उंची सुमारे २८० फूट असून, त्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या दगडी मूर्ती आहेत. त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय इंजिनिअराने तयार केले. या इमारतींचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज शिल्पज्ञाने काढला. परंतु त्याने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही, आणि मनोरा पुरा होण्यापूर्वीच तो मरण पावला. या ग्रंथालयाचा व मनोऱ्याचा जीर्णोद्धार होऊन इ. स. २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले गेले, आणि इ. स. २०१८ मध्ये मुंबईतील या इमारतींच्या संपूर्ण समूहास जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

२. भिंत आजारी का पडते

जुनी दगडी भिंत बाहेरून एकजीव दिसते. वस्तुतः तिचे तीन भाग असतात. दर्शनी बाजूस घडीव चिरे, आतल्या बाजूस साधे दगड, आणि मध्ये लहान-मोठ्या दगडांचा व चुन्याचा भरीव गाभा. दोन चिऱ्यांमधील सांध्यास गवंडी ‘दरज’ म्हणतात. पुण्याकडचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसापासून झालेला असून इतका घट्ट असतो, की त्यातून पाणी सहसा आत शिरत नाही. पाणी शिरते ते दरजांतून. म्हणून काळ्या दगडाच्या इमारतीचे आरोग्य दगडावर जितके अवलंबून असते, तितकेच किंबहुना अधिक, दरजांत काय भरले आहे यावर अवलंबून असते.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी. तेथे भिंतींस कुर्ल्याचा पिवळसर दगड व नक्षीकामास पोरबंदरचा दगड वापरला आहे. पोरबंदरचा दगड हा चुनखडीच्या जातीचा, मऊ व सच्छिद्र. म्हणूनच त्यावर कोरीव काम सुबक उठते आणि म्हणूनच तो लवकर झिजतो. शहरातील धुरात गंधकाचे वायू असतात. ते ओलसर चुनखडीवर बसले, म्हणजे तिचा वरचा थर जिप्समामध्ये पालटतो. त्यात काजळी अडकून काळे कवच बनते, आणि कालांतराने ते कवच दगडाचा पापुद्रा घेऊनच गळून पडते.

इमारतीचा पहिला शत्रू पाणी. तुंबलेली पन्हाळ, फुटलेले कौल, जमिनीपाशी साचलेले डबके, यांतून ते भिंतीत शिरते. पाण्याबरोबर क्षार जातात. पाणी वाळले की क्षारांचे स्फटिक होतात आणि फुगून दगडाचे व विटांचे कण सुटे करतात. यालाच आपण ‘लोणा लागला’ असे म्हणतो. दुसरा शत्रू वनस्पती. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी दरजेत रुजते आणि त्याची मुळे पाचरीप्रमाणे चिरे अलग करतात. तिसरा शत्रू लोखंड. चिरे जोडण्यासाठी घातलेल्या लोखंडी पट्ट्या गंजल्या, म्हणजे मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतात व दगड फोडतात. चौथा शत्रू मात्र आपण स्वतः. आणि त्याचा विचार वेगळा करणे अवश्य आहे.

३. चुना आणि सिमेंट

चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजला, की त्यातील कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले, की तो फुसफुसून विरतो. वाळू किंवा विटांची भुकटी मिसळून तो घाणीत मळला, की बांधकामाचा चुना तयार होतो. भिंतीत गेल्यावर तो हवेतील तोच वायू हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो. म्हणजे दगडापासून निघालेला चुना अखेर दगडच होतो. जुने कारागीर त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांसारखे पदार्थ घालीत, त्यांचाही त्याच्या घट्टपणाशी संबंध आहे.

अशा चुन्याचे दोन गुण विशेष आहेत. तो दगडाहून किंचित मऊ असल्यामुळे ऊन-थंडीने भिंत हलली, तर ताण स्वतः सोसतो व दगड वाचवितो. शिवाय त्यातून वाफ बाहेर पडू शकते. आत शिरलेले पाणी उन्हाळ्यात दरजांवाटे वाळून जाते. दरज झिजते, ती पुन्हा भरता येते. चिरा फुटला, तर तो पुन्हा मिळत नाही. घरातील वडील माणसे स्वतः झीज सोसून मुलाबाळांस सांभाळतात, तसाच हा प्रकार आहे.

आता सिमेंटकडे पाहू. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने इ. स. १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदविला. ज्या पोरबंदरचा मऊ दगड मुंबईच्या इमारतींस शोभा देतो, त्याच पोरबंदरास इ. स. १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना निघाला. सिमेंट लवकर घट्ट होते, पुष्कळ भार सोसते, आणि नव्या पुलांच्या व धरणांच्या कामी त्याची योग्यता कोणीही नाकारणार नाही. परंतु जो गुण नव्या पुलास हितकर, तोच जुन्या भिंतीस घातक ठरतो. चुन्याच्या भिंतीच्या दरजा वरून सिमेंटने बुजविल्या, की आतले पाणी आतच कोंडते. सिमेंटला सूक्ष्म भेगा पडतातच. त्यांतून पाणी आत जाते, पण बाहेर येण्याचा मार्ग बंद झालेला असतो. मग ते मऊ दगडातून व विटांतून वाट काढते, क्षार तेथे साठतात, आणि काही वर्षांनी सिमेंटची दरज तशीच उभी राहून तिच्या भोवतालचा दगड मात्र झडलेला दिसतो. औषधानेच रोग वाढविला, असे म्हणण्याजोगी ही स्थिती होय. जुन्या इमारतींवर कामे करणाऱ्यांस पूर्वीच्या डागडुजीतील सिमेंट काढून टाकण्यातच पुष्कळ वेळ व पैसा घालवावा लागतो.

४. उपचाराचा क्रम

चांगला वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. इमारतीच्या बाबतीतही पहिले काम निरीक्षणाचे. प्रत्येक भिंतीचे मापून चित्र काढावयाचे, छायाचित्रे घ्यावयाची, हातोडीने हलकेच ठोकून पोकळ जागा ओळखावयाच्या, ओळंबा लावून भिंत कलली आहे की काय ते पाहावयाचे, आणि मूळ चुना कशाचा होता हे तपासावयाचे. कोणता चिरा कोणत्या अवस्थेत होता, याची नोंद राहिली पाहिजे. कारण आज केलेल्या कामाचा हिशेब पुढील पिढीस द्यावयाचा असतो.

दुसरे काम पाण्याची वाट लावण्याचे. छपराची कौले, पन्हाळी, छज्जे व जमिनीलगतची गटारे आधी नीट करावी. हे न करता भिंतीस हात घालणे म्हणजे भोक बुजविल्यावाचून घागर भरीत बसणे होय.

तिसरे काम वनस्पतींचे. पिंपळाचे रोप उपटून काढले, तर मुळाबरोबर चिरेही निखळतात, आणि मूळ उरले तर ते पुन्हा फुटते. म्हणून खोड कापून मूळ औषधाने मारावे लागते आणि मग ती जागा चुन्याने भरावी लागते.

चौथे काम दरजांचे. परांचीवर चढून, लहान छिन्नीने, खराब झालेला चुना किंवा नंतर घातलेले सिमेंट हळूहळू काढावे. यंत्राच्या फिरत्या पात्याने हे काम झपाट्याने होते खरे. परंतु चिऱ्याची कडा कापली गेली, तर ती हानी कायमची होते. नंतर दरज धुऊन, ओली असतानाच मूळच्यासारखा चुना दाबून भरावा, आणि गोणपाट लावून काही दिवस ती ओलसर राखावी. चुना घाईने वाळला तर भुसभुशीत होतो. त्यास धीर लागतो, आणि ज्या कामास धीर लागतो ते पावसाळ्याच्या तोंडावर उरकण्याजोगे नसते.

पाचवे काम स्वच्छतेचे. येथे अतिरेकाचा मोह फार. आम्ल लावून किंवा वाळूचा मारा करून दगड एका दिवसात नवा दिसू लागतो. परंतु त्याबरोबर त्याचा वरचा टणक थरही निघून जातो आणि पुढे तो अधिक वेगाने झिजतो. साधे पाणी, मऊ कुंचला, आणि जेथे काळे कवच बसले असेल तेथे जाणकाराच्या हातचा मर्यादित उपचार, हाच मार्ग सुरक्षित आहे. म्हातारपणाचा रंग हा काही रोग नव्हे; तो पुसण्याची गरज नाही.

सहावे काम बदलीचे. जो चिरा खरोखरच निकामी झाला असेल तोच काढावा, व त्याच जातीचा दगड त्याच्या जागी बसवावा. चिऱ्याचा कोपराच गेला असेल, तर तेवढ्यापुरते दगडाचे थिगळ लावावे. तुळईचे एक टोक कुजले असेल, तर तेवढे टोक कापून नवे सांधावे. जरूर तितकेच करावे आणि कमीत कमी करावे, हे या शास्त्राचे मुख्य सूत्र आहे.

या सूत्राचा इतिहास मनोरंजक आहे. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात इंग्लंडात जुन्या चर्चांचे दगड खरवडून त्यांस नवे रूप देण्याची टूम निघाली होती, आणि त्या कामात अग्रेसर होता तोच गिल्बर्ट स्कॉट, ज्याने मुंबई विद्यापीठाचा आराखडा काढला. विल्यम मॉरिस या कवीने व कारागिराने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि इ. स. १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. इमारतीस नवे करू नका, तिची रोजची निगा राखा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे इ. स. १९६४ मध्ये व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी याच धर्तीवर जगासाठी नियम घालून दिले. स्कॉटच्याच इमारती आज मॉरिसच्या विचाराने जपाव्या लागत आहेत, ही काळाची लीला म्हणावयाची.

५. यात सृष्टीचे हित कसे

जुनी इमारत जपणे ही केवळ भावनेची बाब नसून त्यात सृष्टीचाही लाभ आहे. दगड फोडणे, वाहून आणणे, चढविणे यांसाठी जे श्रम व जे इंधन लागले, ते दीडशे वर्षांपूर्वीच खर्च झाले आहे. इमारत पाडली म्हणजे ते सारे मातीत गेले, आणि नवी बांधण्यासाठी पुन्हा तितकेच किंवा अधिक लागले. सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि जगात माणसाच्या हातून जो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो, त्यापैकी शेकडा सात ते आठ भाग सिमेंटच्या उद्योगातून येतो असे मानतात. चुन्याच्या भट्टीसही इंधन लागते, हे खरे. परंतु तिची उष्णता कमी, आणि चुना भिंतीत बसल्यावर निघालेल्या वायूचा काही अंश परत घेतो. याखेरीज जाड भिंती, उंच छत व खोल व्हरांडे यांमुळे अशा इमारती उन्हाळ्यात मूळच्याच थंड असतात. त्यांची तावदाने व झडपा दुरुस्त केल्या, तर पंख्यांचा व थंड हवेच्या यंत्रांचा खर्च वाचतो. आणि या कामाचा पैसा मुख्यतः पाथरवट, गवंडी व सुतार यांच्या हातांत जातो. त्यांची विद्या पुस्तकांत थोडी व हातांत फार आहे. काम मिळाले नाही, तर ती एका पिढीत नाहीशी होईल.

६. दोन आक्षेप

कोणी विचारतील, परकीय सत्तेने लोकांच्या पैशावर बांधलेला विलासाचा वाडा आम्ही का जपावा? प्रश्न रास्त आहे. यावर आमचे म्हणणे असे, की वास्तूचा अर्थ बांधणारा एकटाच ठरवीत नाही. वापरणारेही तो ठरवितात. ज्या दारापाशी पूर्वी सामान्य रयतेस थांबविले जाई, त्या दारातून आज शेतकऱ्याची मुलगी पदवी घेण्यासाठी जाते. तो वाडा पाडला असता तर हा पालट डोळ्यांना दिसला नसता. चिरे फोडणारे व चढविणारे हातही इथलेच होते. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत, त्यांचे काम मात्र उभे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तेवढ्या रकमेत नवे वर्ग बांधता येणार नाहीत काय? कधी कधी येतील, आणि म्हणूनच प्रत्येक जुनी भिंत राखलीच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. परंतु मोठा खर्च बहुधा निगा न राखल्यामुळे येतो. दर वर्षी मृगापूर्वी पन्हाळ साफ केली, बोटाएवढे रोप वेळीच काढले, तर खर्च थोडक्यात आटोपतो. तेच वीस वर्षे राहिले, तर परांची बांधून भिंत उतरवावी लागते. वेळीच घातलेला टाका पुढचे फाटणे वाचवितो, हे गृहिणींस कोणी शिकवावयास नको.

७. आपल्या गावी

आमचा बारामती-इंदापूरचा मुलूख कमी पावसाचा. मुंबईच्या मानाने येथे पाऊस एक चतुर्थांशाच्या आसपास पडतो. त्यामुळे येथील भिंती अधिक टिकाव्या असे वाटते. तरीही त्या पडत आहेत. कऱ्हेच्या काठी बारामतीस बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने कविवर्य मोरोपंत या गावी राहिले. इंदापुरास मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाणारी गढी आहे. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनी धरणाच्या फुगवट्यात गेले. पाणी ओसरले, म्हणजे त्याचे दगड पुन्हा दृष्टीस पडतात. या प्रसिद्ध वास्तूंखेरीज आमच्या वाचकांपैकी कित्येकांची राहती घरेही दगडमातीची व चुन्याची आहेत. अशा घरास ओल आली, म्हणजे बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेण्याची सूचना लगेच पुढे येते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी गिलाव्यामागची भिंत अधिकच ओली झालेली आढळते. पालकांस आमची विनंती एवढीच, की तसे करण्यापूर्वी पाणी कोठून येते ते आधी शोधावे, आणि चुन्याचे काम जाणणारा एखादा वृद्ध गवंडी गावात असेल तर त्यास एकदा घरी बोलवावे.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्या. एक : आपल्या आळीतील एखाद्या जुन्या भिंतीचे चित्र काढून, ओल, लोणा, रोपे व भेगा कोठे आहेत, ते निरनिराळ्या खुणांनी दाखवावे, आणि पाणी कोणत्या वाटेने येत असावे याचा तर्क लिहावा. दोन : दरजांत माती आहे, चुना आहे की सिमेंट, हे ओळखावे. चुना आपल्याआप गळून पडलेला असेल, तर त्याच्या चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे येतात ते का, हे रसायनाच्या शिक्षकांस विचारावे. भिंत मात्र खरवडू नये. तीन : घरातील आजोबा-आजींस, चुन्याची घाणी त्यांनी चालताना पाहिली काय, चुन्यात काय काय घालीत, आणि तो किती दिवस मुरवीत, हे विचारून लिहून ठेवावे. यांतील तिसरे काम आधी करावे. भिंत आणखी काही पावसाळे वाट पाहील. ज्यांच्यापाशी ही माहिती आहे, ती माणसे तितकी थांबतीलच असे नाही.